हुन्नर आहे, कागद नाही

आमचा धंदा कापडाचा. सूटिंग-शर्टिंग, अस्तर, थोडेफार निर्यातीचे उरलेले थान. मोटारीच्या इंजिनावर आम्ही लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल, आणि आमच्या घरच्यांनाही वाटले. परंतु तीन वर्षांपूर्वी आमचे पैसे एका गॅरेजात अडकले आणि बुडता बुडता वाचले, तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही. शिवाय आपल्या कारागीर बांधवांपैकी किती घरांची चूल पाना-पकडीवर पेटते हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

हकीकत अशी. कुर्ल्यात आमच्या भाच्याचे गॅरेज आहे. जागेचे डिपॉझिट आणि मशिनरी यासाठी आम्ही रक्कम घातली, मेहनत त्याची, नफा-तोटा निम्मा-निम्मा. पोरगा हुन्नरी आहे. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकला, मग एका उस्तादाच्या हाताखाली अकरा वर्षे राहिला. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलेंडरमध्ये गडबड आहे ते सांगतो. अलीकडे श्रीमंत घरच्या मुलांना जपानी कंपन्यांच्या टर्बो गाड्या ‘बनवून’ घेण्याचा शौक लागला आहे, आणि ते गिऱ्हाईक त्याच्याकडे येऊ लागले. तशीच एक गाडी २०२२ साली त्याने बनवली. इंटरकूलर मोठा, एअर फिल्टर उघडा, संगणकात टर्बोचा दाब वाढवलेला, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ नळी. गाडी उडाली म्हणजे उडालीच. मालक खूष, भाचा खूष, आम्हीही खूष, कारण त्या महिन्याचा हिस्सा चांगला आला.

पावसाळ्यात ती गाडी दुभाजकावर चढली. जीवितहानी झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने बॉनेट उघडले, फोटो काढले आणि दावा नामंजूर झाला. नोंदणी पुस्तकात एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच गाडी, असे त्यांचे म्हणणे होते. मालकाचे वडील गॅरेजात आले. त्यांनी विचारले, काम केल्याचे बिल कुठे आहे? बिल नव्हते. कोणता भाग कुठून आणला त्याची पावती? नव्हती. गाडी रस्त्यावर चालवण्यास कायद्याने चालेल असे मुलाला सांगितले होते का? यावर भाचा गप्प. पोलिसात प्रकरण जाऊ नये म्हणून दोन लाख पंच्याहत्तर हजारांवर तडजोड झाली आणि त्यातील निम्मे आमच्या गल्ल्यातून गेले.

आम्ही भाच्याला रागाने बोललो. तो म्हणाला, “मामू, सगळेच असे करतात.” कापडाच्या बाजारात हे वाक्य आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो आहोत. मीटरला दोन इंच कमी मोजणाराही हेच म्हणतो.

आता जपानची गोष्ट सांगतो, कारण ज्या गाड्यांचे हे सगळे वेड आहे त्यांचे घर ते. २०१८ साली आम्ही नागोयाला गेलो होतो. जवळच इचिनोमिया हे लोकरी सूटिंगचे गाव, त्या भागाला बिशू म्हणतात, तेथील माल पाहायचा होता. रिकाम्या दिवशी आमच्या दुभाष्याने टोयोटाच्या उद्योग संग्रहालयात नेले. आम्हाला वाटले, मोटारी पाहाव्या लागणार. आत जाऊन पाहतो तर निम्मे संग्रहालय मागांचे! साकिची टोयोडा यांनी १९२४ साली बनवलेला स्वयंचलित माग तेथे चालू स्थितीत आहे. चालत्या मागात धोटा आपोआप बदलतो आणि सूत तुटले की माग स्वतःहून थांबतो. या मागाचे हक्क १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले आणि साकिचींच्या मुलाने, किइचिरो यांनी, मोटारीचा उद्योग उभा केला. सुझुकीचेही तसेच, १९०९ साली हामामात्सु येथे मागाचा कारखाना म्हणूनच ती सुरू झाली. आमच्यासारख्या कापडवाल्याला हे पाहून केवढा आनंद झाला ते काय सांगावे. मालेगाव-भिवंडीच्या बांधवांनी कधी योग आला तर ते संग्रहालय अवश्य पाहावे.

परंतु मुद्द्याची गोष्ट बाहेर वाहनतळावर घडली. दुभाष्याची स्वतःची गाडी जुनी निस्सान स्कायलाइन जी.टी.-आर. होती. १९८९ साली निघालेले हे मॉडेल, २.६ लिटरचे सहा सिलेंडरचे इंजिन, दोन टर्बो. कागदावर ताकद २८० अश्वशक्ती. कागदावर असे आम्ही मुद्दाम म्हणतो. जपानच्या मोटार कंपन्यांनी आपसात एक अलिखित समझोता केला होता की २८०च्या वर कोणी आकडा जाहीर करायचा नाही. १९८९च्या सुमारास सुरू झालेला हा समझोता २००४ साली संपला, होंडाची लेजंड ३०० अश्वशक्तीची निघाली तेव्हा. मधल्या पंधरा वर्षांत अनेक गाड्यांच्या पोटात जाहीर आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त ताकद दडलेली असे आणि ती बाहेर काढण्याचाच एक मोठा धंदा तेथे उभा राहिला. एच.के.एस. ही त्यातली नावाजलेली कंपनी. १९७३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी, यामाहातून बाहेर पडलेल्या हासेगावा नावाच्या इंजिनिअरने ती सुरू केली. टर्बो नसलेल्या गाडीला बाहेरून टर्बो बसवण्याचा संच त्यांनी दुसऱ्याच वर्षी बाजारात आणला.

टर्बो म्हणजे काय, हे आमच्यासारख्या अनभिज्ञांसाठी दोन शब्दांत सांगतो. इंजिनातून जो जळका धूर वाया जातो त्याच्या जोरावर एक चक्र फिरते, मिनिटाला लाखभर फेरे आणि त्याहूनही अधिक. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळते आणि ताकद वाढते. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून ती थंड करायला इंटरकूलर. दाब वाढवणे हे काम सोपे आहे. त्या जुन्या स्कायलाइनमध्ये दाब रोखण्यासाठी एका रबरी नळीत बारीक छिद्राचा तुकडा बसवलेला असे, तो काढला की दाब वाढला. पाच मिनिटांचे काम. परंतु तिच्या टर्बोची धुराकडील चक्रे चिनी मातीच्या जातीची, म्हणजे सिरॅमिकची. जास्त दाबावर ती फुटत. आणि हवा वाढवून पेट्रोल वाढवले नाही, तर पेट्रोल वेळेआधी भडकून पिस्टन वितळतो. उस्ताद मिस्त्री आणि उडाणटप्पू मिस्त्री यांतला फरक येथे कळतो. दाब कोणीही वाढवील, कुठे थांबायचे हे उस्तादच जाणतो.

असो. त्या दुभाष्याच्या गाडीत बरेच काही बदललेले होते. आम्ही विचारले, तुमच्याकडे हे चालते? त्याने हसून डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक जाडजूड फाइल काढली. सायलेन्सरचे प्रमाणपत्र, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या चाचणीचा अहवाल, चाकांवरील मानांकनाची नोंद, तपासणीचे दाखले. तो म्हणाला, गाडी विकायची झाली तर या फाइलशिवाय निम्मी किंमतही येणार नाही. आम्ही थबकलो. पश्मिन्याची शाल आणि तिच्या अस्सलपणाचा दाखला, तसलाच हा प्रकार.

त्यांच्या तपासणीला शाकेन म्हणतात. नवीन खाजगी मोटारीला पहिली तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. ब्रेक, हेडलाइटचा झोत, पुढच्या चाकांचा कल, ताशी ४० किलोमीटरला काटा बरोबर दाखवतो की नाही, धुरातील विषारी वायू, आणि खाली खड्ड्यात उभा राहून हातोडीने एकेक बोल्ट ठोकून पाहणारा माणूस. शाकेन नाही तर गाडी रस्त्यावर नाही, आणि सक्तीचा विमाही याच तपासणीला बांधलेला.

आमच्या वाचकांनी असे समजू नये की जपानी लोक जन्मतःच कायद्याने वागणारे. पूर्वी तेथेही हा धंदा अंधारातला होता. रात्री टोकियोच्या उड्डाण-महामार्गांवर शर्यती होत, गॅरेजवाले पोलिसांना चुकवत आणि गिऱ्हाईक तपासणीच्या दिवशी कंपनीचे मूळ भाग बसवून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून टाकत. ही शेवटची लबाडी तेथेही अजून पुरती गेलेली नाही. बदल झाला तो १९९५ साली. सरकारने नियम सैल केले. ठरावीक सुट्या भागांची यादी केली. सायलेन्सर, स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, बाहेरचे पंख वगैरे त्यात आले आणि ते बोल्टने नीट बसवले असतील तर पुन्हा नोंद करण्याची गरज राहिली नाही. इतर बदलांसाठी मोकळीक आकड्यांत सांगितली. लांबीत ३ सेंटिमीटर, रुंदीत २, उंचीत ४, आणि वजनात लहान गाडीला ५० तर मोठीला १०० किलोपर्यंत कमी-जास्त. जमिनीपासून ९ सेंटिमीटरचे अंतर मात्र राहिलेच पाहिजे. इंजिनाची घनक्षमता वाढवली, वेगळ्या जातीचे इंजिन घातले, तर हिशेब आणि चाचण्यांचे कागद घेऊन जा, नोंद बदलून घ्या. गाडी मग ‘मान्य’ होते.

आणि दुसऱ्या बाजूने फास आवळला. पुढे पुढे आवाजाची मर्यादा खाली आली, इंजिन पुढे असलेल्या मोटारीला १०३ डेसिबलवरून ९६. २०१० नंतर बनलेल्या गाड्यांना बदली सायलेन्सर हवा तर तो चाचणी उतरलेलाच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २००३पासून बेकायदा बदल करून देणारा मिस्त्रीही गुन्हेगार ठरला, फक्त मालक नव्हे. सहा महिने कैद किंवा तीन लाख येन दंड. रस्त्यात पकडलेल्या गाडीच्या काचेवर ‘बेकायदा बदल केलेले वाहन’ अशी लाल चिठ्ठी डकवतात आणि पंधरा दिवसांत दुरुस्त करून दाखवायला सांगतात.

या सगळ्यात तेथील धंदेवाल्यांनी काय केले, हे आमच्या दृष्टीने खरे शिकण्यासारखे. सायलेन्सर बनवणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली, स्वतःची मानके ठरवली आणि आपल्या मालावर तिचा ठप्पा मारू लागले. चाकांवरही तशीच खूण असते. १९८३ साली सुरू झालेले त्यांचे प्रदर्शन, जे आज टोकियो ऑटो सलून म्हणून ओळखले जाते, त्यात आता खुद्द मोठ्या मोटार कंपन्या मांडव घालतात. जे काम कालपर्यंत मागच्या गल्लीत शटर अर्धे पाडून होत होते, ते दर्शनी दुकानात बिलासह होऊ लागले.

आता आपल्याकडे या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळमधून आलेल्या प्रकरणात, हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंड ठरला. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कर्कश आवाज आणि प्रदूषणाचे कलम वेगळे, त्यात पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रोलरखाली सायलेन्सर चिरडतानाचे फोटो वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिले असतीलच. ते सायलेन्सर मध्यरात्री मोहल्ल्यातून जाताना आजारी माणसाची झोप मोडतात, त्यामुळे त्या रोलरबद्दल आम्हाला काडीचेही दुःख नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. एक पोरगा कानठळ्या बसवणारी नळी लावतो आणि दुसरा आपल्या गाडीला अधिक चांगले ब्रेक लावू पाहतो. दोघांना कायदा जवळजवळ एकाच काठीने हाकतो. सैल कुठे आणि घट्ट कुठे हे आकड्यांत कोणी सांगत नाही. जपानने ९ सेंटिमीटर म्हटले, ९६ डेसिबल म्हटले, मिस्त्रीने पट्टी लावून मोजावे. आमच्या भाच्याने मोजावे तरी काय? ‘मूळ तपशील’ हे शब्द पट्टीने मोजता येत नाहीत.

परंतु याच २०१९च्या दुरुस्तीत एक दार किलकिले ठेवलेले आहे आणि त्याकडे आपल्या लोकांचे लक्ष नाही. केंद्र सरकारला असे बदल व बाहेरून बसवायचे भाग यांची मानके आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे आणि तशा मंजूर बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द समजू नये असेही म्हटले आहे. हे काही हवेतले नाही. सी.एन.जी. किटचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. किटला पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेची मंजुरी, बसवणारे केंद्र अधिकृत, आर.टी.ओ.कडे नोंद, पुस्तकात शेरा, विमा कंपनीला कळवणे. आपलेच कित्येक मिस्त्री ते काम राजरोस करतात. गॅसच्या टाकीला जे जमले, ते स्प्रिंगला, ब्रेकला, इंटरकूलरला का जमू नये?

जमणार नाही, कारण मागणारा कोणी नाही. मिस्त्री एकेकटा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे समजून प्रत्येक जण आपला हुन्नर लपवून बसला आहे. बिल दिले तर कर भरावा लागेल, पावती ठेवली तर पकडले जाऊ, अशी भीती. अर्ज करायचा तर इंग्रजीत, चाचणीचा अहवाल इंग्रजीत. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, बँकेचा पहिला फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेतला होता, त्यामुळे ही लाज आम्हाला ठाऊक आहे. परंतु ज्याचा कान एवढा तयार की पिस्टनची खडखड ओळखतो, त्याला घरातली बारावी पास मुलगी दोन पानांचा अहवाल लिहून देऊ शकत नाही काय? ही मदत घ्यायला कमीपणा वाटतो, आणि गिऱ्हाइकाच्या बापासमोर मान खाली घालून उभे राहायला वाटत नाही!

काही जण म्हणतील, आपल्या रस्त्यांवर अशा गाड्या आहेतच किती? खरे आहे. मित्सुबिशीची लान्सर एव्होल्यूशन २०१०मध्ये आणि निस्सानची जी.टी.-आर. २०१६च्या अखेरीस येथे आली, पण त्या घेणारे बोटांवर मोजण्याइतके. जपानची जुनी गाडी आणावी तर तीन वर्षांपेक्षा जुनी आणता येत नाही. परंतु मोठ्या गाडीसाठी आम्ही हे लिहीत नाही. टर्बो इंजिन आता साध्या हॅचबॅकमध्ये आले आहे. वॉरंटी संपली की त्या गाड्या आपल्याच गल्ल्यांत येणार, आणि कोणी तरी पोरगा म्हणणार, उस्ताद, थोडा दाब वाढवून द्या.

भाच्याच्या गॅरेजात आम्ही आता एक वही ठेवायला लावली आहे. गाडीचा नंबर, काय काढले, काय बसवले, पावती क्रमांक, गिऱ्हाइकाची सही. काढलेला मूळ भाग गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊन त्याचीही सही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, सायलेन्सर उघडायचा नाही, ही आमची अट. पुस्तकात नोंद लागणारे काम असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी, नाहीतर गाडी परत. ब्रेक, सस्पेन्शनची दुरुस्ती, टर्बोची साफसफाई आणि बेअरिंग बदलणे, इंटरकूलरची गळती काढणे, ही कामे तो करतो आणि टर्बो दुरुस्तीत त्याचे नाव होऊ लागले आहे. शर्यतीच्या मैदानावरच चालणाऱ्या, ट्रेलरवरून येणाऱ्या दोन गाड्याही त्याच्याकडे आहेत. तेथे तो मनसोक्त दाब वाढवतो.

कमाई घटली हे आम्ही लपवत नाही. पहिल्या वर्षी आमचा हिस्सा जवळजवळ निम्म्यावर आला. गेल्या आठवड्यात एक मुलगा नवी कोरी टर्बो गाडी घेऊन आला, कन्व्हर्टर काढून संगणक बदलून द्या म्हणाला, रोख तीस हजार टेबलावर ठेवले. भाच्याने वही पुढे केली. मुलाने वही पाहिली, पैसे उचलले आणि चार दुकाने सोडून पुढच्या गॅरेजात गाडी लावली. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज आम्हाला दुकानात बसून ऐकू येत होता. भाचा दोन दिवस आमच्याशी धड बोलला नाही.

त्या पुढच्या गॅरेजवाल्याला आम्ही शुक्रवारी नमाजनंतर गाठले. आपण पाच-सहा गॅरेजवाले मिळून एक अर्ज करू, कोणत्या बदलांना मंजुरी द्यावी त्याची यादी आपणच बनवू, असे सांगितले. तो म्हणाला, “विचार करून सांगतो, भाईसाहब.” अजून सांगितलेले नाही. यादी मात्र आम्ही लिहायला घेतली आहे. ज्या बांधवांना या कामाची जाण आहे त्यांनी आमच्या दुकानी यावे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते.